केझायाचा होकार

अमेरिकेच्या दक्षिणेत, विक्सबर्ग गावाच्या खाली, मिसिसिपी नदीच्या काठी केझाया आणि प्रायमसची झोपडी होती. तो लाकडाची पिंपं बनवायचा, ती लोकांचे कपडे धुवायची. कापसाच्या मळ्यावर गुलामीत दोघांची उमर गेली, चार लेकरं झाली, आणि गुलामीवरून उत्तर-दक्षिणेत पेटलेलं युद्ध संपून सगळे मोकळे झाले तेव्हा दोघांचेही केस पिकायला लागले होते.

युद्धाआधी वॉशिंग्टनचं सरकार केझायानं फक्त ऐकलेलं होतं. मळ्यात मालकाचा शब्द चालायचा, मळ्याबाहेर शेरीफचा. मग ते सरकार तोफांच्या बोटी घेऊन नदीतून आलं, आणि लढाई संपली तरी परत गेलं नाही. त्यानं मक्याचं पीठ वाटलं, शाळा उघडली, मजुरी बुडवणाऱ्या जमीनदारांना कचेरीत बोलावून जाब विचारला. अठराशे सहासष्टच्या वसंतात त्या कचेरीतले कॅप्टन एल्डन खेचरावरून वस्तीत आले आणि त्यांनी सांगितलं, की गुलामीत जुळलेली लग्नं आता सरकार कायद्यानं लावून देणार आहे.

वस्तीत एकच धांदल उडाली. शनिवारी सगळी जोडपी कचेरीपुढच्या झाडाखाली जमली. प्रायमसनं चटकन हो म्हटलं. मग कॅप्टन केझायाकडे वळले.

"या माणसाशी लग्न करायची तुमची इच्छा आहे का?"

केझाया बघतच राहिली. ती ऐन पोरवयात असताना मळ्याच्या मुकादमानं प्रायमसकडे बोट दाखवून सांगितलं होतं, आजपासून हा तुझा. तिची इच्छा आजवर कुणी विचारलीच नव्हती. प्रश्न ऐकून तिच्या अंगावर काटा आला, आणि कसा कोण जाणे, फार बरंही वाटलं.

"मला जरा विचार करू द्या," ती म्हणाली.

सगळे खो खो हसले. प्रायमसचं तोंड मात्र एवढंसं झालं. घरी आल्यावर त्यानं धुसफूस केली, की चार लेकरं झाल्यावर आता कसला विचार करायचा राहिलाय.

"सरकारनं विचारलं, म्हणून मला विचार करावासा वाटला," ती म्हणाली. "तू कधी विचारलंस?"

रागानं त्यानं आपलं पांघरूण उचललं आणि तो मित्राच्या, ईनकच्या, छपरात जाऊन राहिला. पण राग फार टिकला नाही. एका संध्याकाळी तो दाढी करून, ईनकची टोपी घालून, हातात भला मोठा मासा घेऊन दारात उभा राहिला. केझायानं मासा तळला, त्याला पायरीवर बसवून वाढला, आणि अंधार पडायच्या आत परत पाठवून दिला. पुढच्या खेपेला त्यानं तिच्यासाठी छोटी बादली घडवून आणली, मग कुठूनशी पिवळी रिबन.

थोरली लेक लविनिया लाजून अर्धी झाली. "आई, माझं बाळ रांगायला लागलं आणि इकडे तुझं जुळतंय," ती म्हणायची. केझाया हसायची आणि रिबन नीट बांधायची. नदीवर कपडे आपटताना ती गुणगुणायला लागली होती. संध्याकाळ झाली की त्याच्या पावलांकडे तिचे कान लागायचे, आणि या वयात हे काय, म्हणून तिला स्वतःचंच नवल वाटायचं.

वाटेवर कॅप्टन भेटले तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, काही ठरलं का.

"तुमच्या सरकारला यायला इतकी वर्षं लागली, साहेब," ती म्हणाली. "मला एक उन्हाळा तरी द्या."

कॅप्टन मिशीत हसले आणि त्यांनी खेचर पुढे हाकलं.

प्रायमस येऊन मासे, पिंपं, पाऊस, सगळ्यावर बोलायचा. तेवढं एक सोडून. शेवटी एकदा, ती रताळी सोलत असताना, त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मला भीती वाटायची, केझाया," तो म्हणाला. "तुला माझ्या गळ्यात बांधली होती. विचारलं असतं आणि तू नाही म्हणाली असतीस, तर तुला जायला वाट कुठं होती? मग रोज तुझं तोंड कसं बघितलं असतं मी? आता तुला जाता येतं. म्हणून विचारतो. करशील माझ्याशी लग्न?"

केझायाचे डोळे भरून आले. इतकी वर्षं हा माणूस हे मनात धरून शेजारी झोपत होता, आणि तिला पत्ताही नव्हता.

"करीन," ती म्हणाली. "त्या मुकादमानं विचारलं असतं ना, तर तेव्हाही तुझंच नाव घेतलं असतं मी. आता ती टोपी ईनकला देऊन ये, तुला अजिबात शोभत नाही."

कापूस फुटायच्या आधी लग्न लागलं. डुक्कर भाजलं, मक्याच्या भाकरी केल्या, काकवी घालून रताळ्याचे गोड पदार्थ केले, आणि ईनकनं फिडल वाजवलं. कॅप्टननी प्रश्न विचारला, तर केझाया म्हणाली, नीट ऐकू आलं नाही, परत विचारा. त्यांनी परत विचारला. तिनं नदीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात हो म्हटलं.

काही वर्षांनी ती कचेरी बंद झाली आणि कॅप्टन उत्तरेला निघून गेले. नदीकाठचे दिवस पुढे पुष्कळ कठीणही आले. पण वस्तीत कुठल्याही पोरीचं लग्न ठरलं, की केझायामावशी आधी तिथं जाऊन बसायची आणि पोराला सगळ्यांदेखत विचारायला लावायची. प्रायमस शेजारी बसून हसायचा आणि पोराला डोळ्यानं खुणवायचा, की घाबरू नकोस, विचार.