जळलेले रेग्युलेटर आणि माझी ती पोस्ट

काल दुपारी आपल्या हुबळीच्या लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत एका दुकानासमोर मी नुसतीच उभी होते. आत जायला पाय उचलेना. शेवटी शेजारच्या चहावाल्यानं विचारलंच, अक्का, कुणाची वाट बघताय... त्याला काय सांगणार होते!

तुम्हाला मात्र सगळं सांगते. मागची पोस्ट तुम्ही सगळ्यांनी वाचलीत, तर हीसुद्धा वाचायला पाहिजे.

माझा इलेक्ट्रॉनिक्सचा नाद तुम्हाला माहीत आहेच. बँकेतून घरी आले की एकीकडे चहा आणि एकीकडे सोल्डरिंग आयर्न, दोन्ही एकदमच तापायला लागतं. या वेळी आमच्या वन्संच्या भजनी मंडळासाठी माइकचा आवाज वाढवणारा छोटा प्रीअँप करायला घेतला होता.

त्याला प्लस बारा आणि मायनस बारा, असे दोन्ही व्होल्टेज लागतात. म्हणून पॉवर सप्लायही तसाच करायचा. प्लससाठी 7812 नावाचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा पार्ट, आणि मायनससाठी 7912... दोघे दिसायला अगदी जुळे. काळं अंग, तीन पाय, पाठीला पत्रा.

प्लसची बाजू पहिल्या फटक्यात चालली. मायनसची चालू केली आणि वास सुटला... रेग्युलेटर जळला. दुसरा लावला, तोही गेला. तिसरा लावताना तर देवाचं नाव घेतलं होतं, पण देवानंही लक्ष दिलं नाही.

झालं, माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव म्हणजे आधी तोंड, मग डोकं. जळलेल्या रेग्युलेटरांचा फोटो काढला, शेजारी ते जिथून घेतले त्या दुकानाची पिशवी ठेवली, नाव नीट दिसेल अशी. आणि वर लिहिलं, इथे डुप्लिकेट माल विकतात, सावध राहा.

इथल्या तारिहाळ औद्योगिक वसाहतीतल्या काही मेंटेनन्सवाल्यांनी लगेच कमेंट केली की आता तिथून घेणार नाही. कुणीतरी मला जागरूक ग्राहक म्हटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं होतं.

मग ऑनलाइन मागवला. चांगल्या कंपनीचा, सीलबंद. लावला... आणि परत तोच वास! नवरा पेपर वाचत बसला होता. मान वर न करताच म्हणाला, "आता काय, अख्खं जग डुप्लिकेट का?"

तेव्हा कुठे डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, उघडलं. 7812 चा पहिला पाय इनपुटचा, मधला ग्राउंडचा. 7912 मध्ये बरोबर उलटं... पहिला ग्राउंडचा, मधला इनपुटचा. इतकी वर्षं मी नुसते प्लसचेच सप्लाय करत आले, त्यामुळे हात सवयीनं तसाच चालला. प्रत्येक वेळी मीच उलटा जोडून मीच जाळत होते, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी!

पोस्ट गुपचूप डिलीट करावी असंच आधी मनात आलं, तेही सांगून टाकते. बोट बटणापर्यंत गेलंसुद्धा होतं. पण ज्यांनी वाचलंय त्यांच्या डोक्यातून ते कसं डिलीट होणार...

म्हणून काल गेले. दुकानाचे मालक अण्णा, घराणं मूळचं मिरजेकडचं. गिऱ्हाइकांशी कन्नड, माझ्याशी मराठी. मला बघून ते उठून उभे राहिले. वाटलं, आता बाहेर काढतात.

"ताई, मीच तुमच्याकडे येणार होतो," ते म्हणाले. "माफ करा."

मला काही कळेचना. त्यांनी ड्रॉवरमधून एक पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. दुसरीकडून आणलेले 7912, खास माझ्यासाठी. माझी पोस्ट त्यांच्या सुनेनं त्यांना दाखवली होती. ती वाचून त्यांनी सगळा स्टॉक काउंटरवरून काढला, आणि बेंगळुरूच्या ज्या व्यापाऱ्याकडून त्यांच्या वडिलांच्या काळापासून माल येतोय, त्याला फोनवर वाट्टेल ते बोलले. मला फसवलंस, यापुढे तुझा माल नको, इथपर्यंत. ताई उगाच कशाला लिहितील, असं त्यांना वाटलं म्हणे.

कसंबसं म्हटलं, "अण्णा, माल चांगला होता. पाय मीच उलटे जोडले."

ते खाली बसले. मला वाटत होतं ओरडावं त्यांनी, चार शब्द सुनावावेत... मला तेवढंच सोपं गेलं असतं. पण ते हळूच म्हणाले, "लिहायच्या आधी एकदा विचारायचं होतं ताई. दुकान उघडंच होतं की."



मग माझ्यासमोरच त्यांनी बेंगळुरूला फोन लावला. "तप्पु नंदरी," म्हणाले. चूक माझी. माल चांगला होता, मीच न तपासता बोललो. पलीकडून विचारलं असावं की तुम्हाला असं सांगितलं कुणी. अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुणी नाही, म्हणाले, माझाच गैरसमज झाला.

मी त्यांचं नाव सगळ्या हुबळी-धारवाडसमोर घेतलं होतं. त्यांनी माझं नाव त्या एका माणसालाही सांगितलं नाही. रिक्षात बसले आणि रडू आवरेना.

तर चूक माझी होती, पूर्णपणे माझी. त्या दुकानातला माल अस्सल आहे. जुनी पोस्ट ठेवलीय, तिच्यावर ठळक अक्षरांत हेच लिहिलंय. ज्यांनी ज्यांनी तिथून घेणार नाही म्हटलं होतं, त्यांना हात जोडून विनंती... जा. अण्णांना मी पाठवलं म्हणून सांगू नका. नुसतं सामान घ्या.