शमुवेलांचा गुडघा

शिरूरचे शमुवेल पलटणीतून घरी आले ते लंगडतच. कवायतीत दुखावलेल्या गुडघ्यातली फाटलेली कूर्चेची गादी लष्करी डॉक्टरांनी कापून काढली होती, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही. १९५८ साली अपंगत्वाच्या पेन्शनसाठी पुण्यात तपासणी झाली.

"दुखतं का?" तपासणाऱ्या डॉक्टरसाहेबांनी विचारताच शमुवेल जुन्या सवयीनं ताठ उभे राहिले. "नाही, साहेब."

मागणी फेटाळली गेली.

अपिलानंतरच्या दुसऱ्या तपासणीला त्यांची बायको कृपाबाई सोबत गेली. शमुवेल पुन्हा "नाही" म्हणाले, तशी ती पुढं झाली.

"साहेब, यास्नी मांडी घालता येत न्हाई. प्रार्थनेला गुडघं टेकवत न्हाईत."

डॉक्टरांनी पाय वाकवला, तेव्हा शमुवेलांच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

परतताना ते तिच्या पुढं पुढं लंगडत चालले. एसटीत चढताना मात्र त्यांनी पहिल्यांदाच चारचौघांत तिचा खांदा धरला. पुढं पेन्शन मंजूर झाली.