अभ्यासातून वगळलेली गाय

माझी धाकटी बहीण गाईच्या गर्भाशयावर संशोधन करते. लग्नकार्यात कोणी चौकशी केली तर आई 'जनावरांची डॉक्टर' एवढंच सांगते आणि विषय बदलते.

गाय माजावर येते, माज ओसरतो, आणि गर्भ राहिला नाही तर साधारण तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर येते. या एका फेरीत गर्भाशयाच्या अस्तरातली कोणती जनुकं केव्हा कामाला लागतात आणि केव्हा गप्प होतात, हे बहिणीला पाहायचं होतं. त्यासाठी एकाच गाईचे दोन नमुने लागत: एक माजाच्या दिवशी, दुसरा त्यानंतर आठवड्याने. लांब दांड्याचा बारीक ब्रश आत फिरवायचा आणि त्याला लागलेल्या पेशी तिथेच गोठवायच्या. अट एकच. त्या फेरीत गाय भरवायची नाही, म्हणजे तिचं रेतन करायचं नाही.

आमची आत्या कोन गावात राहते. घराच्या एका बाजूला द्रुतगती मार्ग, दुसऱ्या बाजूला नवे टॉवर. गोठ्यात एकच तांबडी गाय उरली होती, आणि ती कितीदा भरवली तरी गाभण राहत नव्हती. बहिणीला अशीच गाय हवी होती. आत्याच्या यजमानांना, म्हणजे आमच्या मामांना, ती नको होती. महिनाअखेरीस तिला उरणला त्यांच्या भावाकडे पाठवायचं ठरलं होतं, टेम्पोही सांगून ठेवला होता. गाभण राहिली तरच ठेवू, असं त्यांनी आत्याला बजावलं होतं.

पहिला नमुना विनातक्रार मिळाला. आत्या शेजारी उभी राहून पाहत होती.

"आता आतमदी काय चाललंय?"

"तयारी. गर्भ येणार असं धरून गर्भाशय अस्तर बदलायला लागतं. नाही आला तर सगळं मोडायचं आणि पुढच्या फेरीला पुन्हा सुरुवात."

"दर टायमाला?"

"दर वेळी."

"बिचारी," आत्या म्हणाली. "पावना येवो ना येवो, चूल पेटलेलीच."

आठवड्याने मी बहिणीला पुन्हा कोनला घेऊन गेलो. आत्याने चहा दिला. मग घावणे केले. मग परत चहा. माझ्या रक्तदाबाची सविस्तर चौकशी झाली. शेजारच्या घरातलं नवीन बाळ पाहून या, असंही तिने सुचवलं. बहिणीने खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवला, तेव्हा आत्या गाय आणि तिच्या मधे येऊन उभी राहिली.

"आज नको."

"आत्या, आजच हवं. उद्या अस्तर वेगळं असेल."

"हात घालू नको तिला, बाय. आमी तिला भरवली."

"कधी?"

"तू गेलीस त्याच सांजेला. मोटरसायकलवाल्या डॉक्टरला बोलावला."

"आणि मी काय सांगितलं होतं?"

"ते सगलं ऐकलं मी. पन तुला दुसरी गाय मिलंल. मला हीच पायजे."

मामा दारात उभे होते. त्यांनाही हे त्याच क्षणी कळत होतं. "इतक्यांदा फुकट गेलं," ते म्हणाले. "आता काय उजेड पडनार हाय?"

गर्भ असलाच तर ब्रशने तो जाण्याची शक्यता होती. नसला तरी नमुना अभ्यासाच्या कामाचा राहिला नव्हता. बहिणीने हातमोजा उतरवला. तपासणी होईपर्यंत टेम्पो थांबवा, एवढं ती मामांना म्हणाली आणि त्यांनी मान डोलावली. परतीच्या वाटेवर कळंबोलीजवळ तिने वहीत या गाईपुढे 'वगळली' असं लिहिलं. मग तिला हसू फुटलं. "दोन चहा पाजले," ती म्हणाली, "पण पहिल्या चहाला सांगायचं तिच्या जिवावर आलं."

भरवल्याला तीन आठवडे उलटले. गाय माजावर आली नाही. आत्या रोज सकाळी फोन करून 'अजून नाय' एवढंच कळवत होती. आणखी काही दिवसांनी बहीण हातात धरायचं स्कॅनर घेऊन गेली. गोठ्यात शेजारपाजारही जमला होता. पडद्यावर राखाडी पट्टे दिसले, मग एक काळा कप्पा, आणि त्यात काहीतरी भराभर लुकलुकणारं.

"ते हृदय," बहीण म्हणाली.

आत्या पडद्याकडे बघत राहिली. मामांनी चष्मा लावला, काढला, सदऱ्याला पुसून पुन्हा लावला.

"बुरुशानंच झालं," शेजारीण म्हणाली. "माज्या गाईला पन फिरव."

"ब्रशाने काही होत नाही, मावशी. एका गाईवरून काही सिद्ध होत नाही."

"शिद्ध नको करू. नुसता फिरव."

सगळे हसले. बहीणही हसली. मामा बाहेर जाऊन भावाशी फोनवर बोलत होते. त्यांचा आवाज गोठ्यात येत होता: "नाय, टेम्पो नको... जागा केलीस तर केलीस. त्या जागेत तू बस."

आत्याने गाईच्या पाठीवर हात ठेवला आणि ते पुन्हा एकदा दाखवायला सांगितलं. बहिणीने दाखवलं.