दहा बोटांच्या बाई

रुग्णाला प्रश्न विचारला की बाई टेबलावर बोटं टेकवायच्या. डाव्या करंगळीपासून, एकेक करून, दहाही. दहावं बोट टेकेपर्यंत खोलीत दुसऱ्या कुणी बोलायचं नाही, हा नियम. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं: बावीस सेकंद. समोरच्याच्या तोंडाकडे बघत बावीस सेकंद गप्प राहणं किती कठीण, ते बसल्याशिवाय कळत नाही.

दोन हजार चार साली अप्पांना, माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. सांगितलेलं कळायचं, पण शब्द सापडायचा नाही. आम्ही साताऱ्याकडचे, राहायला चेन्नईजवळ, आवडी नावाच्या गावी, माझ्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. अप्पांना तमिळ येत नव्हतं. चेन्नईत मराठीतून वाचा-उपचार कोण देणार? अड्यारच्या बाजूला एका कॉलेजात तोच विषय शिकवणाऱ्या बाई तंजावरच्या मराठी घरातल्या निघाल्या. त्यांची मराठी जुन्या कागदपत्रांतली वाटायची, सूर मात्र तमिळ. मला त्या तमिळ वळणाने 'सार', म्हणजे सर, म्हणायच्या.

भोवती पाच-सहा विद्यार्थिनी वह्या घेऊन उभ्या असायच्या. बाई पेल्याचं चित्र दाखवून बोटं टेकवू लागायच्या. सातव्या-आठव्या बोटाला अप्पांचे ओठ थरथरले की मला राहवायचं नाही. "पेला, अप्पा, पेला."

"सार, परीक्षा अप्पांची. तुम्ही कॉपी पुरवूं नका."

मुली हसायच्या. अप्पाही हसायचे.

बाईंनी मला एक वही दिली. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं अप्पांजवळ बसायचं आणि आपण न सुचवता ते जे शब्द बोलतील, तेवढेच मोजायचे. तमिळ शहरातल्या मराठी रुग्णांवर त्या लेख लिहीत होत्या. प्राध्यापकपदाच्या बढतीसाठी तो लागणार होता, असं एक विद्यार्थिनी म्हणाली. मी कारखान्याच्या तपासणी विभागात. सुट्या भागांची मापं घ्यायची, केसभर फरक निघाला तरी माल परत पाठवायचा, हे माझं काम. बाई मुलींना म्हणाल्या, "ह्यांचे आकडे पक्के असतील. रोजचं कामच तें त्यांचं."

पहिल्याच दिवशी अप्पांच्या नावापुढे शून्य लिहवेना. मी पहिलं अक्षर सांगायचो, अप्पा शब्द पुरा करायचे, तो मी मोजायचो. तीन, पाच, आठ. तीन महिन्यांत एकोणीस. त्या आकड्यांवर विसंबून बाईंनी चित्रं बंद केली आणि पुरी वाक्यं दिली. अप्पांना एकही जमेना. एके दिवशी त्यांनी पुढ्यातला कागद ढकलून दिला आणि रडले. वडिलांना रडताना मी तेव्हा प्रथम पाहिलं.

बाईंनी वही मागून घेतली, पानं उलटली. "सार, आकडा एकदाही उतरला नाहीं. माणूस असा बोलत नाहीं."

मग माझ्याकडे बघत त्या बोटं टेकवू लागल्या. दहावं टेकलं तरी मी बोललो नाही. मला तर वाचा होती.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. कपाटातून नवी वही काढली. "पहिल्यापासून. शून्य असेल तर शून्य घाला. अप्पांस त्याची लाज नाहीं."

अकरा दिवस शून्य लिहिलं. बाराव्या दिवशी अप्पा खिडकीकडे हात करून काहीतरी सांगू पाहत होते. सवयीने मी तोंड उघडलं.

"थांब," अप्पा म्हणाले. अगदी स्वच्छ. मी एक लिहिलं.

बाईंनी लेखातून अप्पांची माहिती काढून टाकली. उरलेल्या रुग्णांवर लेख उभा राहिला नाही, हे त्याच विद्यार्थिनीकडून कळलं. माहिती का काढली, ते मात्र बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. अप्पांवर त्या पुढे दोन वर्षं, ते असेपर्यंत, उपचार करत राहिल्या. शेवटी दिवसाला सहा-सात शब्द, कधी दोन. पण अप्पांचे.

पाच वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. निरोपाला गेलो, तर दारावर पाटी तीच: सहयोगी प्राध्यापक. आत जाऊन म्हणालो, "बाई, ती पहिली वही..." आणि पुढचं सापडेना. त्यांनी घाई केली नाही. टेबलावर हात ठेवले, डाव्या करंगळीपासून. नवव्या बोटाला मी सगळं सांगितलं.

"सरि, सार," त्या म्हणाल्या; सरि म्हणजे बरं. "एक लिहा."

घरी येऊन वही काढली. पण इतक्या उशिरा निघालेल्या शब्दाला माझ्या नावापुढे एक लिहवेना.