आबांच्या विहिरीत माशांचा उन्हाळा

मासोळी अंडी पोटातल्या पोटात जिरवून टाकते, हे मला फार उशिरा कळलं. पाणी तापलं, तिला बरं वाटेनासं झालं की ती अंडी बाहेरही टाकत नाही आणि जपूनही ठेवत नाही, अंगातच शोषून घेते. वरून बघाल तर मासा धडधाकट. पोट मात्र रिकामं. आमचं सगळं घर त्या पोटावर चालतं, म्हणून सांगते.

धरणगावच्या बाजूला आम्ही मत्स्यबीज तयार करतो. रोहूच्या माद्या आणि नर वर्षभर तळ्यात पोसायचे, पावसाळ्याच्या तोंडाला अंडी सुटायचं इंजेक्शन देऊन गोल हौदात सोडायचे, अंडी निघाली की पिल्लं वाढवून धरणात मासे सोडणाऱ्यांना द्यायची. अगदी बारीक पिल्लांना आम्ही जिरे म्हणतो, बोटाएवढी झाली की बोटुकली. माझे सासरे नदीत जाळं टाकायचे, यांनी हौद बांधले, आणि मी बघून बघून शिकले.

मादी पिकली का नाही, हे हाताला कळतं. पोट लोण्याच्या गोळ्यासारखं लागतं. अलीकडच्या उन्हाळ्यांत ते तसं लागेनासं झालं. आता खानदेशाला ऊन काय नवं आहे का? पण पूर्वी तापायचं ते दिवसा. अंगणात बाज टाकून झोपलो तरी पहाटे गोधडी ओढावी लागायची. आता पहाटे तळ्यात पाय घातला तरी पाणी आंघोळीला काढल्यासारखं. एका साली जाळ्यात आलेल्या बहुतेक माद्यांची पोटं सपाट निघाली. जी थोडी अंडी मिळाली, ती सकाळपर्यंत पांढरी पडली. चांगलं अंडं शिजलेल्या साबुदाण्यासारखं आरपार दिसतं, मेलेलं दिसतं चुन्यासारखं. हे हौदाच्या काठावर बसून राहिले आणि म्हणाले, "अजून एक साल असं गेलं तर हौद बुजवून टाकू. केळी लावू."

गमतीत म्हणत नव्हते.

आमची लेक हिमाचलात ट्राउट माशांच्या केंद्रात कामाला आहे. मासेवाल्यांची पोर, मासेच शिकली. तिला फोन लावला तर ती म्हणाली, "आई, इथंही तेच." ट्राउट म्हणजे बर्फाच्या पाण्यातला मासा, थंडीत अंडी देतो. पण बर्फ कमी पडायला लागलं, ओढा पूर्वीसारखा गार राहत नाही. माद्या पिकायला उशीर करतात, अंडी लिबलिबीत निघतात, कितीतरी फळतच नाहीत.

मी म्हटलं, "अगं, तुमचं पाणी आमच्या रोहूला दिलं तर गारठून मरेल तो, आणि तुम्ही म्हणता तापलं?"

"ज्याची जेवढी सवय, तेवढंच त्याचं गार, आई."

"मग करता काय?"

"माद्या डोंगरात आणखी वर नेल्या. वरचा ओढा अजून गार आहे."

"आणि तोही तापला तर?"

"वर मग डोंगरच संपतो," म्हणून ती हसली. ते हसणं काही मला आवडलं नाही.

फोन ठेवून मी विचार करत बसले. आमच्याकडे वर जायला काय आहे? पत्र्याचं छप्पर!

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही तळ्यावर सावली करायचं ठरवलं. शेजारी केळीची कापणी झालेली, पानं फुकट. बांबू आडवे टाकले, दोऱ्या ताणल्या आणि वर केळीची पानं अंथरली. दिसायला असं सुरेख दिसलं म्हणून सांगू! बांधावरून शेजारचे आबा ओरडले, "अक्का, हाई काय, मासास्ना लगीनना मांडव शे का?"

मांडव दोन दिवस टिकला. मग वारं सुटलं, पानं पाण्यात पडली, आणि त्या उकाड्यात कुजायला कितीसा वेळ लागतो? सकाळी बघते तर मासे तोंडं वर काढून हवा गिळतायत. आम्ही दोघं कंबरभर पाण्यात उतरून पानं ओढत होतो. काही नर गेलेच. आबा बांधावरून बघत होते.

आबा माळकरी. मासा-मटणाचं नाव नाही, चातुर्मासात कांदासुद्धा नाही. इतक्या वर्षांचा शेजार, पण आमच्याकडचा चहा ते बांधावर उभ्यानंच घेतात. त्यांची विहीर जुनी, दगडी पायऱ्यांची, वर आंब्याची दाट सावली. पाणी दर साली खाली खाली चाललंय, पण मे महिन्यातही त्यात हात घातला तर बोटं थंड पडतात. पानं ओढता ओढता माझे डोळे तिकडेच गेले. वर नाही जाता येत, तर खाली जावं.

मी सरळ विचारलं, "आबा, पुढच्या उन्हाळ्यात आमच्या माद्या तुमच्या विहिरीत ठेवू द्याल?"

"मन्ही विहीरमा मासा?"

"पाणी स्वच्छ राहतं."

"ते माले माहीत शे. मन्हा बाप बी सोडे." त्यांनी माळेवर हात ठेवला. "पन ऐकी ले अक्का. मन्हं पाणी पिसनी ज्या वाचतीन, त्या कोन्हा ताटमा जावाले नको."

घरी आल्यावर हे म्हणाले, "म्हाताऱ्या माद्या आपण बाजारात देतो. आता त्यांना काय पेन्शन द्यायची?"

"द्यायची," मी म्हटलं.

होळी झाल्यावर सकाळच्या गारव्यात ओल्या फडक्यांतून एकेक मादी उचलून नेली. पंपाचं थोडं पाणी परत विहिरीत पडेल अशी नळी सोडली, म्हणजे माशांना हवा मिळते. खायला शेंगदाण्याची ढेप आणि कोंडा. सुरुवातीला आबा नुसते वाकून बघायचे. मग कोंडा आपल्या हातानं टाकायला लागले. पायऱ्यांवर साबणानं कपडे धुवायचे नाहीत, असं सुनांना बजावलं. कधी मी दिसले की तक्रार, "तुन्ही ती मोठी उनी नही आज वर."

ढग भरून यायला लागले तसं आम्ही विहिरीत जाळं सोडलं. पहिलीच ती मोठी आली. फडक्यात धरून पोटावर हात फिरवला. मऊ!

आबा पायरीवर उभे. "शेत का अंडा?"

"आहेत आबा. भरलेली आहे."

ते हसले, आणि हसता हसता थांबले. "हाई अंडा बी मन्हंच पाणी पिसनी वाढनात. त्यास्नं काय?"

हे जाळ्याची दोरी बघायला लागले. पिल्लं धरणात सोडतात, एवढं म्हणून मी गप्प बसू शकले असते. ते खोटंही नव्हतं. पण त्यांनी उन्हाळाभर कोंडा घातला होता. मी म्हटलं, "आबा, धरणात वाढतील आणि मोठी झाली की लोक खातील. आमचा धंदाच तो."

आबा पायरीवर बसले. मादीचे कल्ले उघडमीट करत होते.

"हिला फार वेळ बाहेर ठेवता येत नाही, आबा. हो म्हणा, नाहीतर परत सोडते." आणि मी खरंच सोडली असती. हौद बुजले असते, पण सोडली असती.

"धरणमा बठ्ठा पकडायी जातस का?"

"सगळे कुठले सापडतात? काही राहतात. पुराच्या पाण्यात वर चढतात, तिथंच अंडी घालतात."

"मंग ज्या ऱ्हातीन त्या मन्ह्या," आबा म्हणाले. "लई जाय. पन हाई माय परत आठेच आनजो."

संध्याकाळी इंजेक्शन दिलं. उजाडताना हौदात अंडी फिरत होती. काही पांढरी होती, नाही असं नाही, पण बाकीची आरपार. लेकीला फोटो पाठवला. तिनं लिहिलं, "आई, आमच्याकडे विहीर नाही गं."

त्याच सकाळी ती मोठी मादी परत विहिरीत न्यायला निघालो. रात्री हौदावर घसरून यांचा हात सुजलेला, त्यामुळे फडक्याचं एक टोक धरायला कोणी नव्हतं. आबांनी माळ पाठीमागे टाकली आणि दुसरं टोक धरलं. पायऱ्या उतरून आम्ही तिला सोडली, ती दिसेनाशी झाली. आबांनी हाताचा वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि हात धुवायला खाली त्याच पाण्यात वाकले.