दगड ढकलण्याआधी

वाचनालयातल्या गोष्टींच्या वर्गाला नणंदेला नेलं ते वहिनीनेच. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून झाल्या की ती रविवारची वाट बघत बसे. नणंद, म्हणजे घरादाराची चिमणी, नोकरी सुटल्यापासून पलंगावर लोळत पडलेली. "चल गं, चार माणसं तरी भेटतील," म्हणत वहिनीने तिला ओढत नेलं. हात दाखवून अवलक्षण!

ग्रंथपालबाईंनी एक बौद्ध कथा सांगितली. बुद्धाचा चुलतभाऊ देवदत्त. बुद्धाचं होणारं नाव त्याला बघवेना. त्याने डोंगरावरून बुद्धाच्या अंगावर दगड ढकलला. दगड मध्येच आपटून फुटला आणि एक कपची बुद्धाच्या पायाला लागली.

"यात आपली गोष्ट शोधा," बाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी वहिनीने दगडालाच बोलतं केलं. बाई हसून म्हणाल्या, "छान, पण शाळेतल्या निबंधासारखं झालंय." मग चिमणीने जखम बांधणाऱ्या वैद्याची गोष्ट वाचली. हे कोणी केलं, असं तो पुन्हा पुन्हा विचारतो आणि बुद्ध नुसता पाय पुढे करतो. वाचनालयाच्या कार्यक्रमात हीच गोष्ट वाचायची, असं तिथल्या तिथे ठरलं.

घरी नवरा म्हणाला, "बायको इतकी वर्षं जातेय आणि बहिणीने आल्या आल्या मैदान मारलं!"

वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. आयत्या बिळावर नागोबा! त्या दिवशी भांडी जरा जास्तच आपटली गेली.

कार्यक्रमाच्या आठवड्यात चिमणीचा घसा बसला. सकाळी तिच्या तोंडून नुसती हवा आली आणि वहिनीच्या मनात आनंदाची उकळी फुटली. इतकी, की तिची तिलाच भीती वाटली. गुळण्यांसाठी पाण्यात मीठ ढवळताना तिला वाटलं, डोंगर चढताना देवदत्तालाही असंच हलकं वाटलं असेल का?

ती तशीच लिहायला बसली. तिचा देवदत्त डोंगर चढतो. लहानपणी या चुलतभावाला पोहायला त्यानेच शिकवलेलं. खालून जाणाऱ्या माणसाची चाल तो लांबूनही ओळखतो. ओळखतो, आणि मग ढकलतो.

वर्गात तिने ते वाचलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई हळूच म्हणाल्या, "पुन्हा वाचा."

बाहेर पडल्यावर चिमणीने घोगऱ्या आवाजात विचारलं, "पोहायला शिकवल्याचं मूळ कथेत कुठे होतं?"

"नव्हतं. मी घातलं."

"मला वर्गाला तू आणलंस, म्हणून?"

वहिनी चपलेचा पट्टा नीट करत राहिली. "हो," ती शेवटी म्हणाली. "तुझा घसा बसला तेव्हा मला बरं वाटलं."

चिमणीने ओढणी गळ्याभोवती गुंडाळली. मग म्हणाली, "मिठाचं पाणी मात्र गरम होतं हं."

कार्यक्रमात बाईंनी दोघींच्याही गोष्टी घेतल्या. तोवर चिमणीचा घसा मोकळा झाला होता आणि टाळ्याही तिलाच जास्त पडल्या. वहिनीने त्या कान देऊन ऐकल्या आणि प्रत्येक टाळी तिला झोंबली. एक म्हातारे गृहस्थ मात्र तिच्यापाशी येऊन, "माझाही एक भाऊ होता," एवढंच बोलले आणि निघून गेले.

परतताना वहिनी म्हणाली, "पुढच्या वेळी आधी माझी वाचायची."

"बघू," चिमणी म्हणाली.