फिंतासमार्गे ल्यों

आमच्या क्लिनिकच्या पँट्रीत किस्से खिडकीच्या फटीतल्या वाळूसारखे साचतात. आज पुसा, उद्या पुन्हा तेवढेच! बाहेर आखाती उन्हाची भट्टी पेटलेली, आत एक मायक्रोवेव्ह, एक किटली आणि घरापासून लांब आलेली माणसं. बोलणार नाहीत तर करणार काय? पूर्वी या किश्श्यांवर मी खूप हसायचो. हल्ली सांगता सांगताच मला राग येतो.

यंदाचे सगळे किस्से एकाच ट्रिपचे आहेत. ती ठरवली तिघांनी. मी, नचिकेत, एक्स-रे टेक्निशियन. शैलाताई, मूळच्या लातूरच्या, आमच्या सर्वांत जुन्या नर्स. आणि दाजी, सावंतवाडीकडचे एसी मेकॅनिक. ते इथे हवल्ली भागात माझ्याच बिल्डिंगमध्ये राहतात आणि क्लिनिकचे एसी तेच बघतात.

*

कल्पना माझी. उन्हाळ्याच्या रजेत दरवर्षी गावीच का जायचं? जग बघायला नको? मी पँट्रीच्या टेबलावर फोन ठेवला आणि नकाशा उघडला. विमानाने जिनिव्हा, तिथून भाड्याची गाडी. फ्रेंच बोलणारी गावं एकमेकांना खेटून आहेत. लोझान, अ‍ॅनसी, वाटलं तर पुढे आणखी. चार दिवसांत सगळं!

गाडी चालवणार दाजी, कारण आमच्यात लायसन्स फक्त त्यांच्याकडे. दाजींनी नकाशावर बोट ठेवलं.

"ह्या अ‍ॅनसीत काय आसा?"

"तळं आहे. युरोपातलं सगळ्यात स्वच्छ तळं म्हणतात!"

"तळा बघूक इतक्या लांब? माझ्या गावाक दोन तळी आसत. एकात म्हशीपण आसत, फुकट!"

मी चिडलो. शैलाताई मात्र नकाशाकडे बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "ल्यों घे त्याच्यात. अ‍ॅनसी नसलं तरी चालतंय."

ल्योंला ऋता राहते, हे आम्हाला माहीत होतं.

*

ऋता म्हणजे शैलाताईंची मुलगी. वाढली इथेच, फिंतासला, समुद्राजवळच्या फ्लॅटमध्ये. शाळेच्या गॅदरिंगला आई नाही, कारण ड्युटी. स्पर्धेत बक्षीस मिळालं तेव्हा आई नाही, कारण ड्युटी. ती शिकायला फ्रान्सला गेली, तिकडेच नोकरीला लागली. पदवीदान समारंभाचं तिने आईला तीन महिने आधी कळवलं होतं. तेव्हाही शैलाताईंना रजा मिळाली नाही.

त्या दिवशी ऋताचा मेसेज आला. शैलाताईंनी तो मला एकदाच दाखवला, तोही मी फार विचारलं म्हणून. इंग्रजीत होता. अर्थ एवढाच, की 'लीव्ह मिळाली नाही' हे वाक्य मला पुन्हा कधीही ऐकवू नकोस.

त्यानंतर मायलेकी भेटल्या नाहीत. शैलाताई मराठीत दहा ओळी लिहितात. तिकडून येतं, "ओके."

"मग सरळ तिला भेटायला जा ना!" मी म्हणालो. "रोड ट्रिपचं सोंग कशाला?"

"खास भेटायला आले म्हणलं, तर ती नको म्हणू शकते," शैलाताई म्हणाल्या. "जाता जाता आले म्हणलं, तर नको कशी म्हणेल?"

*

मग फ्रेंचचे धडे. रिसेप्शनवरची नादिया मोरोक्कोची, तिला फ्रेंच येतं. मी हॉटेल, पेट्रोल, पार्किंग असे शब्द पाठ केले. शैलाताईंना एकच वाक्य हवं होतं. 'मी इकडून जातच होते.'

"झ पासे पार ला," नादियाने शिकवलं.

शैलाताई ब्लड प्रेशर घेताना पुटपुटत, इंजेक्शन भरताना पुटपुटत. एका पेशंटने तर घाबरून विचारलं, की सिस्टर मंत्र म्हणतायत का!

मी म्हणालो, "अहो, ऋताला मराठी येतं की. हे वाक्य फ्रेंचमध्ये कशाला?"

"मराठीत म्हणवत नाही रे मला ते."

*

बातमी बिल्डिंगमध्ये पसरली. आमच्याकडे कुणी सुट्टीवर निघालं, की बाकीच्यांनी आपापल्या घरचं सामान त्याच्याकडे द्यायचं, ही रीतच आहे. कुठे निघालाय हे विचारायची पद्धत नाही. सुट्टी म्हणजे गावच!

दोन दिवसांत माझ्या खोलीत बदामाची पाकिटं, डोकेदुखीचा बाम, दूध पावडरचे डबे आणि एक हे एवढं मिंक ब्लँकेट जमा झालं.

मी ओरडलो, "अरे, आम्ही फ्रान्सला चाललोय!"

कुडाळचा एक सुतार थोडा विचार करून म्हणाला, "मगे येताना गावाक वळसो घालून ये."

शैलाताईंचीही पिशवी तयार होत होती. त्यात येसर, भाजणी, लसणाची चटणी. त्यांनी ऋताला विचारलं, अजून काय आणू? बऱ्याच दिवसांनी ओकेच्या पुढचं काहीतरी आलं. "झातार. फ्रॉम अवर जमिया."

लातूरचं काही नको, फिंतासच्या आपल्या सहकारी दुकानातला झातार, तो अरबी मसाला हवा! शैलाताई त्याच संध्याकाळी बस पकडून तिकडे गेल्या. 'अवर' हा शब्द त्यांनी मला तीन वेळा वाचून दाखवला.

*

व्हिसाचे निकाल आले. माझा आणि शैलाताईंचा मिळाला, दाजींचा नाही. कारण लिहिलं होतं, अर्जदार मुदतीत परत जाईल याची खात्री वाटत नाही.

दाजींनी ते माझ्याकडून दोनदा समजून घेतलं. मग कंप्रेसरवर बसून हसत सुटले.

"मी परत येवचंय नाय? अरे, वीस वर्सां मी गावाक जातंय आणि परत येतंय! पोरगी जल्माक इली, परत इलंय. आवस गेली, परत इलंय. ह्याच्यापेक्षा मोठो पुरावो तेंका खंय मिळतलो?"

आम्ही कुणीच हसलो नाही.

*

ठीक आहे, गाडी नाही तर ट्रेन. आम्ही दोघंच जाऊ, असं ठरलं. शैलाताईंनी ऋताला कळवलं, शुक्रवारी संध्याकाळी ल्योंवरून जाऊ. "ओके," आलं. पण या वेळी पाठोपाठ पत्ताही आला.

आता उरला शेवटचा टप्पा. देशाबाहेर पडायला आमच्यासारख्यांना कंपनीची मंजुरी लागते. माझी अ‍ॅपवर लगेच आली. शैलाताईंची येईना. दोन नर्सेस नोकरी सोडून गेल्या होत्या, नव्यांचा पत्ता नव्हता.

मी मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसलो. माणूस आपल्याच देशातला. मी हक्कांवर बोललो, कायद्यावर बोललो, माणुसकीवरही बोललो. आवाज रिसेप्शनपर्यंत गेला असणार.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मेरे फादर एक्स्पायर हुए, तब मैं कहाँ था, मालूम है? इसी कुर्सी पे."

आणि हे तो अभिमानाने सांगत होता!

मी बाहेर आलो तर शैलाताई ड्रेसिंगचा ट्रे भरत होत्या. "ओरडू नको बाबा," त्या म्हणाल्या. "पेशंट झोपलाय आत."

मीही माझं तिकीट रद्द केलं. त्यावर त्यांनी मला मूर्ख म्हटलं आणि स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी दिली.

"ऋताला खरं सांगा," मी म्हणालो. "यात तुमची काय चूक?"

"दुसरं काय पण सांगीन. ते लीव्हचं वाक्य नाही."

*

तो शुक्रवार उजाडला. दुपारी ड्युटी संपताच दाजींचा फोन. अर्दियाच्या गोदामातून एक कंप्रेसर उचलायचा होता आणि फिंतासला पोचवायचा होता.

"ताईंका घेवन खाली ये. रोड ट्रिप करूया!"

मला ही थट्टा वाटली. पण शैलाताई खरंच आल्या, पिशवी घेऊन. तीच पिशवी.

दाजींची पांढरी गाडी आणि एसी मेकॅनिकच्याच गाडीचा एसी बंद! काचा खाली केल्या तर तोंडावर गरम वारा, वर केल्या तर जीव गुदमरतो.

हवल्लीतून निघताना दाजी ओरडले, "ह्या जिनिव्हा! फोटो काढून घेवा!" अर्दियाला गोदामांच्या रांगेत गाडी थांबली. धूळ, ट्रक, सावलीला आडवे झालेले कामगार. एका टँकरमधून पाणी गळून रस्त्यावर डबकं झालं होतं.

"ही अ‍ॅनसी," दाजी म्हणाले. "आणि ह्या बघ तुझा तळा!"

शैलाताई हसल्या. त्या महिन्यात पहिल्यांदाच. कंप्रेसर मागच्या सीटवर त्यांच्या शेजारी बसला आणि त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

फिंतासला कंप्रेसर उतरवला तेव्हा सूर्य खाली आला होता. दाजींनी न विचारताच गाडी समुद्राकडे घेतली. शैलाताई उतरल्या, कठड्यापाशी गेल्या. समोर एक मुलगी सायकल शिकत होती. त्यांनी फोन काढला, ऋताला लावला, स्पीकरवर टाकला आणि माझ्या हातात दिला.

एकाच रिंगमध्ये उचलला गेला.

"यस?"

"झ पासे पार ला," शैलाताई म्हणाल्या. मग घाईघाईने मराठीत, "पोचलो होतो गं ल्योंला. तुझ्या घराखालीच आलो होतो. पण गाडी लावायला जागाच मिळेना. मागून हॉर्न वाजवत होते. मग तसंच पुढं निघालो."

आणि तेवढ्यात आमच्या मागच्या मशिदीत मगरिबची, सूर्यास्ताची अजान सुरू झाली. मग पलीकडच्या गल्लीतली, मग त्याच्याही पलीकडची. मी फोन छातीशी दाबून धरला, पण सगळं फिंतास दुमदुमत होतं. आणि ऋता याच आवाजात वाढली होती. दाजींनी डोळे मिटून घेतले.

अजान संपेपर्यंत ऋता थांबली. मग बोलली. मराठीत.

"पाहिली मी तुमची गाडी, आई. पांढरी ना? मी खिडकीतून हात केला. तुझं लक्षच नव्हतं."